राजापूर मतदारसंघ : आपली मते कोणास गेली?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



मंडळाच्या चिटणीसांनी मला पत्र धाडले तेव्हा विषय असा दिला होता की, 'आपल्या किनाऱ्यावरील लोकसभा निवडणुकांचा इतिहास'. विषय निरुपद्रवी वाटला म्हणून मी होकार कळविला. पुढे संमेलनाची कार्यक्रमपत्रिका हाती पडली, तीत माझ्या व्याख्यानानंतर लगेच एक ठराव लावलेला दिसला. आगामी निवडणुकीत भंडारी ज्ञातीची मते एकगठ्ठा एकाच उमेदवारास मिळावीत आणि तो उमेदवार शक्यतो ज्ञातीचाच असावा, असा त्या ठरावाचा आशय आहे. ठराव मांडणारी मंडळी तरुण आहेत, उत्साही आहेत आणि त्यांच्या मनातील खंत मला परकी नाही. परंतु इतिहास सांगावयास बोलावलेल्या माणसाने तो ठरावाच्या सोयीने सांगू नये, एवढी मुभा आपण मला द्याल अशी आशा आहे.

राजापूर हा लोकसभा मतदारसंघ आज नकाशावर नाही. २००८ च्या पुनर्रचनेत तो विराला आणि त्याचा बहुतेक भाग रत्नागिरी-सिंधुदुर्ग या नव्या मतदारसंघात गेला. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी असे सहा विधानसभा विभाग त्यात आहेत. तरीही आपल्यातील साठी ओलांडलेल्या माणसाला विचाराल तर तो 'आमचो राजापूर' असेच म्हणेल. राजापूर-लांज्यापासून देवगड, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीपर्यंतचा हा पट्टा. एका अंगाला सह्याद्री, दुसऱ्या अंगाला समुद्र. मधल्या चिंचोळ्या भूमीत भात, आंबा, काजू, माड आणि मनीऑर्डर, एवढ्यावर संसार.

मनीऑर्डर हा शब्द मी विनोदाने घातलेला नाही. या मतदारसंघाचे राजकारण समजून घ्यावयाचे तर प्रथम हे ध्यानी घ्यावे लागते की, येथला कर्ता पुरुष मुंबईत होता. गिरणीत होता, गोदीत होता, कुणाच्या पेढीवर होता. गावी राहिली ती आई, बायको, म्हातारा बाप आणि पोरे. म्हणजे मतदानाच्या दिवशी रांगेत उभ्या राहणाऱ्यांत स्त्रिया अधिक. पुढाऱ्यांनी सभांत पुरुषांना उद्देशून कितीही गर्जना केल्या तरी निकाल मात्र बराचसा लुगड्याच्या पदराआड ठरत होता. मुंबईहून येणाऱ्या पत्रात 'यंदा अमक्यास मत द्यावे' असा मजकूर असे हे खरे. पण ते पत्र वाचून दाखविणाऱ्या शाळकरी पोराने आईच्या चेहऱ्याकडे पाहिले असते, तर पत्रातील आज्ञा किती पाळली जाईल याचा अंदाज त्याला आला असता. तो पोरगा मीच होतो, म्हणून हे सांगतो.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी मत म्हणजे काय हे आपल्या लोकांना ठाऊक नव्हते असे नाही. परंतु १९३५ च्या कायद्याखाली मताचा अधिकार शेतसारा, मालमत्ता आणि शिक्षण यांच्याशी जखडलेला होता. खोताच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला तो कुठून असणार? खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच त्याच कुळाच्या हाती खोताच्या बरोबरीचे एक मत आले. या दोन घटना इतक्या पाठोपाठ घडल्या की जुन्या माणसांच्या बोलण्यात त्या एकच होऊन जातात. सावंतवाडी संस्थानातील प्रजेची गोष्ट तर आणखी निराळी. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन ती रत्नागिरी जिल्ह्यात आली आणि लगेच मतदार झाली.

१९५१-५२ च्या त्या निवडणुकीत आपला भाग 'रत्नागिरी दक्षिण' या नावाने ओळखला जाई. काँग्रेसचे मोरेश्वर दिनकर जोशी तेथून निवडून आले. शेजारच्या 'रत्नागिरी उत्तर'मधून आझाद हिंद सेनेचे जगन्नाथराव भोसले गेले. सावंतवाडीकडल्या तिरोड्याचा हा सेनानी उत्तर रत्नागिरीतून निवडून यावा, हे पाहता उमेदवार कोठला हा प्रश्न तेव्हाही फारसा आड आला नाही असे दिसते.

काँग्रेसचा तो विजय स्वातंत्र्याच्या पुण्याईचा होता. पुण्याई ओसरण्यास पाच वर्षे पुरली. त्याची कारणे इतिहासकार संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शोधतात आणि ते बरोबरच आहे. परंतु भंडारी ज्ञातीच्या सभेत बोलताना एक दुसरे कारण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मुंबई राज्यात १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली. हेतू थोर होता, यावर वाद नाही. मात्र माडाची माडी काढून पिढ्यान् पिढ्या पोट भरणाऱ्या कुटुंबांचे काय होणार, याचा विचार हेतूच्या थोरपणात राहून गेला. कमरेला कोयती लावून दिवसातून दोनदा माडावर चढणारा माणूस एका कायद्याने गुन्हेगार ठरला. कुणी नीरेचा परवाना मिळवला, कुणी मासेमारीकडे वळला, पुष्कळांनी मुंबईची वाट धरली. ज्यांना यांपैकी काहीच जमले नाही त्यांनी रात्री माड चढणे चालू ठेवले आणि पोलीसपाटलाची भीती घरात आणली. आपल्या किती घरांतील माणसे या काळात मुंबईस गेली याची नोंद कोणी ठेवलेली नाही. पण आज या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांचे आजोबा त्याच लाटेत आले असावेत. अशा घरांतून बैलजोडीस मत जाणे कठीण होते. हे माझे अनुमान आहे, मतमोजणीतून ते सिद्ध करता येणार नाही. पण त्या काळच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला ते पटेल.

मग १९५७ साल उजाडले. १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली होती, मुंबईत आणि बेळगावात गोळीबार झाले होते, आणि नोव्हेंबरात विशाल द्विभाषिक जन्मास आले होते. संयुक्त महाराष्ट्र समितीने कोकणात काँग्रेसला जागाच ठेवली नाही. राजापुरातून प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै निवडून आले. शेजारच्या रत्नागिरीत समितीच्याच पाठिंब्यावर जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून आले. त्या वर्षी जनसंघाला साऱ्या देशात मिळून चार जागा मिळाल्या, त्यांतली एक बलरामपुरात अटलबिहारी वाजपेयींची आणि एक आमच्या रत्नागिरीची! प्रेमजीभाई रणछोडदास आसर या नावात कोकणी असे एकही अक्षर नाही. तरीही कोकणाने त्यांना संयुक्त महाराष्ट्रासाठी दिल्लीस पाठविले. ठराव मांडणाऱ्या बंधूंनी या गोष्टीवर थोडे थांबून विचार करावा.

त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवर चिन्ह चिकटवलेले. पडद्याआड जाऊन आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा, शिक्का मारण्याचे काम नाही. माझी आई सही करू शकत नव्हती. केंद्रावरून परतल्यावर शेजारणीने तिला विचारले, 'खंय घातलंस गे?' आई म्हणाली, 'घर बघलंय, घरात घातलंय.' झोपडी हे प्रजासमाजवादी पक्षाचे चिन्ह होते. माझे वडील त्या वेळी परळला होते आणि त्यांचे पत्र निराळेच सांगत होते, हे मी आजवर कुणास सांगितले नव्हते.

नाथ पै यांच्याविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण मतदारसंघाला आपल्या प्रतिनिधीचा अभिमान वाटणे म्हणजे काय हे राजापूरने त्यांच्यामुळे अनुभवले. जन्म वेंगुर्ल्याचा, १९२२ चा. शिक्षण बेळगाव, पुणे आणि मग लंडन. पत्नी ऑस्ट्रियाच्या. असा माणूस मालवणच्या बंदरावर उतरून मच्छीमाराशी बोलू लागला की त्याच्याशी मालवणीत बोले आणि संसदेत उभा राहिला की विरोधकही ऐकत बसत. १९५७, १९६२, १९६७ अशा तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९६२ ला देशभर काँग्रेसचे बळ कायम होते, शेजारच्या रत्नागिरीने शारदा मुखर्जी यांना काँग्रेसच्या तिकिटावर निवडून दिले होते. राजापूर मात्र नाथ पैंकडेच राहिले. शारदाबाई या भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या पत्नी. पतीच्या निधनानंतर दोनच वर्षांनी त्या निवडून आल्या, १९६७ मध्ये पुन्हा आल्या आणि पुढे आंध्र प्रदेश व गुजरातच्या राज्यपाल झाल्या. ज्यांचे आयुष्य जिल्ह्याबाहेर गेले त्यांनाही कोकणाने परके मानले नाही.

१९६७ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात निर्णय दिला की मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही. त्यावर एप्रिलमध्ये नाथ पैंनी एक खाजगी विधेयक आणले. संसदेला घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करता यावा, असा त्याचा हेतू. विरोधी बाकावरील एका खासदाराचे विधेयक देशभर वादाचा विषय झाले, संयुक्त समितीकडे गेले, आणि शेवटी १९७० च्या डिसेंबरात लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते लोपले. पुढल्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती करून तोच हेतू साधला. नाथ पैंची भूमिका बरोबर होती की चूक यावर मी आजही माझ्या मनाशी एकमत झालेलो नाही. पुढे आणीबाणीत संसदेच्या अमर्याद अधिकाराचे काय झाले ते आपण पाहिले. पण आंब्या-माडांच्या या मतदारसंघाचा माणूस देशाच्या घटनेच्या मुळाशी जाऊन वाद घालीत होता आणि वेंगुर्ल्याच्या बाजारात लोक त्यावर बोलत होते, हे विसरता येत नाही.

१९७१ च्या १७ जानेवारीस, सीमाप्रश्नातील हुतात्म्यांच्या दिवशी, ते बेळगावात बोलले आणि दुसऱ्या दिवशी हृदयविकाराने गेले. वय अवघे अठ्ठेचाळीस. निवडणूक तोंडावर आली होती.

त्यांच्या जागी प्रजासमाजवादी पक्षाने प्राध्यापक मधु दंडवते यांना उभे केले. जन्म अहमदनगरचा, नोकरी मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविण्याची, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात सहभाग. राजापूर मतदारसंघात त्यांच्या ज्ञातीची मते मोजायची तर हाताची बोटे पुष्कळ झाली असती. शिवाय १९७१ ची ती निवडणूक म्हणजे इंदिरा गांधींची लाट. महाराष्ट्रातील ४५ पैकी ४२ जागा त्यांच्या काँग्रेसने घेतल्या. प्रजासमाजवादी पक्षास साऱ्या देशात दोन जागा मिळाल्या, त्यांतील एक राजापूरची. लोकांनी नाथ पैंच्या आठवणीला मत दिले असे त्या वेळी म्हटले गेले. असेल. पण आठवणीला एकदा मत पडते. दंडवत्यांना ते पाच वेळा पडले : १९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९. १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसकडे गेल्या तेव्हाही राजापूरने आपला 'नगरी' प्राध्यापक सोडला नाही.

आणीबाणी जाहीर झाली तेव्हा दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरात होते. वाजपेयी, अडवाणी यांच्याबरोबर त्यांना तेथेच अटक झाली. पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात. १९७७ मध्ये ते सुटून आले, निवडून आले आणि रेल्वेमंत्री झाले. ज्या मतदारसंघात रेल्वेचा एक रूळ नव्हता त्याचा प्रतिनिधी रेल्वेमंत्री, ही त्या काळची थट्टा होती. थट्टा करणाऱ्यांनी एक पाहिले नाही. १९७४ च्या संपातील बडतर्फ कामगार त्यांनी परत घेतले, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आणली. आज शयनयानात पाठ टेकताना त्यांचे नाव कुणाच्या ओठी येत नाही. यावे अशी त्यांची अपेक्षाही नसावी.

कोकण रेल्वेचे तेव्हा काय झाले? रूळ अगदी हळूहळू दक्षिणेकडे सरकत होते. दिवा-पनवेल १९६४ मध्ये झाले, रोह्यापर्यंत गाडी यायला १९८६ साल उजाडले. त्यापुढे दऱ्या, खाड्या, डोंगर आणि तिजोरीतील खडखडाट. १९८९ च्या अखेरीस विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार आले, दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. युक्ती अशी निघाली की हा मार्ग नेहमीच्या रेल्वे अंदाजपत्रकातून न बांधता त्यासाठी वेगळे महामंडळ करावे. १९९० च्या जुलैत ते नोंदले गेले. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. बाकी पैसा कर्जरोख्यांतून उभा करावयाचा. श्रीधरन यांच्यासारखा अभियंता प्रमुख म्हणून मिळाला. १९९८ च्या २६ जानेवारीस रोह्यापासून मंगळुराजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरच्या अखंड मार्गावर गाडी धावली. ज्या प्रवासासाठी आमचे वडील आगबोटीच्या डेकवर वळकटी टाकून रात्र काढीत आणि बंदरात होडीतून उतरताना भिजत, तो आता बसल्या जागी होतो.

मात्र १९९८ मध्ये ती गाडी धावली तेव्हा दंडवते राजापूरचे खासदार नव्हते. १९९१ मध्येच मतदारसंघाने त्यांना घरी बसविले होते. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. रेल्वेसाठी डोंगर फोडण्याचे काम चालू असतानाच रेल्वे आणणारा माणूस पडला! यात कृतघ्नता पाहणारे आहेत. मला तसे वाटत नाही. त्यांच्या पक्षाची संघटना गावोगाव विरली होती, राष्ट्र सेवा दलातून घडलेली कार्यकर्त्यांची पिढी थकली होती आणि मुंबईत गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर चाकरमान्याचे जग मोडून पडले होते. त्या मोडलेल्या जगात शिवसेना मुंबईहून कोकणात पोहोचली. जी वाट पूर्वी मनीऑर्डरीची होती त्याच वाटेने शाखा आल्या. १९९६ मध्ये शिवसेनेचे सुरेश प्रभू निवडून आले ते १९९८, १९९९ आणि २००४ मध्येही. सनदी लेखापाल, बँकेचा अध्यक्ष, सौम्य बोलणे. त्यांच्यात आणि रस्त्यावरच्या सेनेत साम्य शोधणाऱ्याची दमछाक होई. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात त्यांनी ऊर्जाखाते सांभाळले. पुढे २०१४ ते २०१७ मध्ये तेही रेल्वेमंत्री झाले, पण तेव्हा ते राज्यसभेतून आले होते.

त्यापुढचे आपणा सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले आहे, म्हणून मी ते भरभर सांगतो. २००९ मध्ये नव्या मतदारसंघातून काँग्रेसचे निलेश राणे आले. २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत. २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षाचे नारायण राणे. जैतापूरचा अणुप्रकल्प, नाणारची तेलशुद्धी, पर्ससीन जाळ्यांनी किनारा ओरबाडला जाण्याची तक्रार हे प्रश्न या काळात आले. त्यांतील शेवटचा तर थेट आपल्या होडीवाल्यांच्या ताटातला आहे. परंतु निवडणुकीच्या सभांत प्रश्न कमी आणि घराणी अधिक ऐकू येऊ लागली, ही माझी तक्रार म्हाताऱ्याची कुरकुर समजून सोडून द्यावयाची असेल तर द्यावी.

आता ठरावाकडे येतो. तरुण मंडळी म्हणतात की सर्व पक्ष ज्ञातीची आकडेमोड करूनच तिकिटे वाटतात, मग आपणच काय म्हणून भोळे राहावे? प्रश्न रास्त आहे. किनाऱ्यावर आपली वस्ती दाट आहे आणि पुढाऱ्यांना ती मतदानाच्या आधी महिनाभर आठवते, हेही खरे आहे. यावर माझ्याजवळ रामबाण उत्तर नाही. पण आपल्याच घरातील दोन उदाहरणे मी पुढे ठेवतो. रावबहादूर सीताराम केशव बोले हे आपले. मुंबई कायदेमंडळात त्यांना बोलण्याची संधी मिळाली तेव्हा १९२३ च्या ४ ऑगस्टला त्यांनी जो ठराव आणला तो भंडाऱ्यांसाठी नव्हता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात असा तो होता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच ठरावाच्या आधारावर उभा राहिला. दुसरे भागोजीशेठ कीर. रत्नागिरीत १९३१ मध्ये त्यांच्या पैशातून उभे राहिलेले पतितपावन मंदिर सर्व हिंदूंना खुले झाले, एका ज्ञातीला नाही. या दोघांच्या तसबिरी आपण याच व्यासपीठामागे लावल्या आहेत. त्यांच्याखाली बसून आपण कोणता ठराव करतो, ते ते पाहणार आहेत.

एकगठ्ठा मत देण्यात एक व्यावहारिक अडचणही आहे. ज्याला ठाऊक आहे की ही मते कुठल्याही स्थितीत आपलीच, तो त्यांची फिकीर करीत नाही; आणि ज्याला ठाऊक आहे की ती कधीच आपली नव्हेत, तोही करीत नाही. राजापूरच्या मताला दिल्लीत वजन होते ते १९७१ आणि १९८४ सारख्या वर्षी, जेव्हा ते कुणाच्याही हिशेबात बसले नाही.

त्याऐवजी मंडळाने दोन कामे हाती घ्यावीत असे मी सुचवितो. पहिले, गाव सोडून मुंबई, ठाणे, पुणे येथे असलेल्या आपल्या सभासदांची नावे मतदारयादीत कोठे आहेत ते तपासावे. एका माणसाचे नाव दोन ठिकाणी असणे कायद्यास मान्य नाही. गावचे मत ठेवायचे की मुंबईचे, हे प्रत्येकाने ठरवून एक नाव कमी करावे. दुसरे, सर्व उमेदवारांना मंडळाच्या सभागृहात बोलावून मासेमारी, माडबागा आणि किनाऱ्यावरील घरबांधणीचे नियम यांवर त्यांचे म्हणणे ऐकावे, आणि ते काय बोलले ते पुढल्या वर्षीच्या याच स्मरणिकेत शब्दशः छापावे. त्यासाठी लागणारी पाने कमी पडली तर माझ्यासारख्यांची व्याख्याने गाळावीत.

ठराव मतास आला तर मी विरोधात हात वर करणार आहे.